पाणी काढू नका, श्वास द्या

नांदेडला गोदाकाठी राहणाऱ्याला नदीत कोणी बुडाल्याची बातमी नवी नसते. तिकडे लातूरच्या बाजूला खोल विहिरी आहेत, आणि आता शेततळी झाली; त्यांच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच मुलखात माणसे बुडून मरावीत, हे चमत्कारिक वाटते खरे!

काही वर्षांपूर्वी एका खेड्यात विहिरीतून एक लेकरू वर काढताना मी पाहिले. लोकांनी त्याला खांद्यावर पालथे टाकले, गरगरा फिरवले, पोट दाबले. तोंडातून पाणी पडू लागले तसा "निघालं, निघालं" असा गलका झाला. त्या गलक्यात मीही होतो. लेकरू गेले. एम. ए. झालेल्या माणसाला त्या वेळी काय करावे हे ठाऊक नव्हते.

ते पाणी होते पोटातले. बुडालेल्याच्या फुप्फुसांत आपण समजतो तितके पाणी बहुधा नसतेच. त्याला हवी असते हवा. पोट दाबले की आतले पाणी आणि अन्न घशाशी येऊन उलट फुप्फुसांत उतरते. शिवाय चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि ती मिनिटे आपण फिरवण्यात घालवतो. हे अडाणीपण आपलेच असे मात्र समजू नका. युरोपातही बुडालेल्यांना पिंपावर घालून लोळवीत असत. छाती दाबण्याची आजची रीत अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली ती १९६० साली.

मग करायचं काय? माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवा. हाक मारा, खांदा हलवा. श्वास चालू आहे का ते पाहा, पण दहा सेकंदांहून अधिक वेळ नको. दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. तोंडात दिसणारा गाळ बोटाने काढा, डोके मागे झुकवून हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून दोन श्वास द्या. छाती वर आली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जावी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. तीस दाब, दोन श्वास; पुन्हा तीस, पुन्हा दोन. लहान मुलाला एका हाताने दाबले तरी चालते. फासळी कडकन वाजली तरी थांबू नका. हात भरून आले की दुसऱ्याने बसावे. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसा आणि परत सुरू करा.

परक्याच्या, त्यातून बाईमाणसाच्या तोंडाला तोंड कसे लावावे, असा संकोच गावात होतो. तो मी समजू शकतो. नाहीच जमले, तर निदान छाती तरी दाबत राहा, बरं का. पण बुडालेल्याला श्वास मिळणे फार मोलाचे आहे.

आणि माणूस डोळे उघडून बोलू लागला, तरी त्याला घरी नेऊन चहा पाजत बसू नका. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उद्भवतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखान्यात न्या.