एक तरी खात्रीचं माणूस

आजपासून नावापुढे बी.एड. लावणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

येत्या जूनमध्ये तुमच्यातले बरेच जण आठवी-नववीच्या वर्गावर जाल. त्या वयात मूल स्वतःला दुसऱ्यांच्या नजरेतून जोखत असतं. घरी रोज 'किती पडले?' एवढंच विचारलं गेलं, तर तेही आपली किंमत गुणांतच मोजू लागतं.

अशा वयात मुलाला काय सावरतं, याचं एक उत्तर एका जुन्या अभ्यासात मिळतं. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी ती चाळिशीला पोचेपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे मानसिक आजार असं बरंच काही एकदम वाट्याला आलेली त्यात सुमारे 210 मुलं होती. त्यांतली 72 मुलं सावरली. आत्मविश्वासानं, जबाबदारीनं जगणारी माणसं झाली. अशा मुलांजवळ निदान एक तरी खात्रीचं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाचं थोरलं भावंड, कुणाचे शिक्षक. ते माणूस आई किंवा वडीलच असायला हवं, असं नव्हतं.

मला या अभ्यासाचा फार आधार वाटतो. बीडच्या किती घरांतून आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुलं आजीआजोबांपाशी राहतात! त्या आजीला बीजगणित येत नसेल. पण 'जेवलास का? आज गप्प का रे?' हे तीच विचारते. पालकसभेला ती आली, तर तिला पुढच्या खुर्चीवर बसवा आणि तिच्याशी तिच्या नातवाबद्दल बोला.

मित्रांचं बळही तितकंच मोलाचं. घरी बोलता येत नाही ते मूल मित्राला सांगतं. म्हणूनच व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून कुणी काढून टाकलं, डबा खाताना कुणी शेजारी बसू दिलं नाही, तर ते त्याला खोल लागतं. मोठ्यांनी त्याला पोरखेळ म्हणू नये. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 2014 पासून मुलामुलींमधूनच 'साथिया', म्हणजे समवयस्कांना साथ देणारे, निवडले जातात, ते मित्राचं हे बळ ओळखूनच. मात्र सगळा भार मित्रावर टाकता येत नाही. 'कुणाला सांगू नकोस' अशी शपथ घालून कुणी जगणं नकोसं झाल्याचं सांगितलं, तर ती शपथ मोडायची आणि लगेच मोठ्या माणसाला गाठायचं, हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगा. मानसिक आधारासाठी असलेल्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा.

आणखी एक मागणं आहे. चाचणीचे गुण भर वर्गात वाचून दाखवू नका. मुलांच्या घरी तुमचा पहिला फोन जाईल, तो तक्रारीचा नसावा. 'तुमच्या मुलीनं आज नव्या मुलीला आपल्या बाकावर जागा दिली,' एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात सुरुवात करा.