न्यायालयीन लढा आणि सरकारी निधी
(नालवाडी, जि. वर्धा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सभेपूर्वी एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, “मंदिरांवरील सरकारी नियंत्रणाला न्यायालयात आव्हान द्यायचे, तर वकिलांचे शुल्क आपल्याला झेपत नाही. सरकार आपल्या विचारांचे आहे, मग हा खर्च सरकारनेच का करू नये?” प्रश्न रास्त आहे. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. बडवे-उत्पातांची त्याविरुद्धची लढाई सर्वोच्च न्यायालयात संपली २०१४ मध्ये. चाळीस वर्षे वकील उभा करणे ही गंमत नव्हे.

असा प्रयोग कॅनडाने केला आहे. १९७८ पासून तेथील केंद्र सरकार भाषिक अधिकारांच्या खटल्यांना पैसा देऊ लागले; १९८५ मध्ये त्यात समानतेच्या अधिकाराची भर पडली. म्हणजे सरकारच्याच कायद्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या गटांना सरकारचाच पैसा! फ्रेंचभाषक अल्पसंख्य पालकांना शाळांचे हक्क मिळवताना त्याचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे काय झाले? १९९२ मध्ये एका सरकारने योजना बंद केली, १९९४ मध्ये दुसऱ्याने सुरू केली, २००६ मध्ये तिसऱ्याने पुन्हा मोडली आणि २०१७ मध्ये चौथ्याने तिच्या पुनरुज्जीवनाची घोषणा केली. कोणत्या गटाची तक्रार ‘घटनात्मक’ आणि कोणाची नुसती कुरकुर, हे शेवटी तिजोरीच्या किल्लीजवळ बसलेल्यांच्या कलाने ठरू लागते, असा आक्षेप तेथील टीकाकार सातत्याने घेत आले.

आता आणीबाणी आठवा. मिसाखाली डांबलेल्यांचा न्यायालयात जाण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी उचलून धरला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो नाकारला, न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. त्या काळी असा सरकारी निधी असता, तर त्यातून स्वयंसेवकांच्या याचिकांना एक छदाम तरी मिळाला असता काय? उलट वर्षानुवर्षे त्या निधीवर पोसलेल्या संस्थांची जीभ त्याच वेळी टाळ्याला चिकटली असती.

गरिबाला मोफत वकील ही गोष्ट वेगळी. राज्यघटनेच्या ३९-अ कलमाने ते राज्याचे कर्तव्य ठरवले आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने त्याला यंत्रणा दिली. तेथे माणसाची गरज पाहिली जाते, त्याचे मत नव्हे. चळवळीचे तसे नसते. तिचे मत हेच तिचे भांडवल. परदेशी पैशावर याचिका लढवणाऱ्या संस्थांना आपण “तुमचा धनी कोण?” असे विचारतो. मग तोच प्रश्न आपल्याला कोणी विचारला, तर उत्तर तयार हवे.

आणि हे मी नालवाडीत सांगावे, हा जरा आगाऊपणाच! १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे येऊन राहिले आणि सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करू लागले. पुढे भूदानाला गांधी स्मारक निधीचे साहाय्य मिळत असताना, १९५६ च्या अखेरीस त्यांनी निधिमुक्ती जाहीर केली आणि ते साहाय्य थांबवले. तो निधी सरकारचाही नव्हता, तरी त्यांना तो नको झाला. याची किंमत पडली. मानधनावर चाललेल्या कामाची घडी विस्कटली. ते लपवण्याचे कारण नाही. विनोबांशी आपले मतभेद असतील, पण या बाबतीत संघाची गुरुदक्षिणा आणि त्यांची निधिमुक्ती एकाच दिशेने पाहतात.

म्हणून त्या तरुणाला माझे सांगणे एवढेच : याचिकेचा मसुदा करण्यापूर्वी पावतीपुस्तक छापा. ज्या देवस्थानासाठी लढायचे, त्याच्या पंचक्रोशीतील घराघरांतून दहा-दहा रुपये मागा आणि हिशेब त्याच देवळाच्या भिंतीवर लावा. वर्धा-नागपूरच्या वकील मंडळींकडे मी स्वतः तुमच्याबरोबर येतो.