प्रवरेकाठची पांढरी
(पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणात अडते, रंध्याच्या कड्यावरून झेपावते आणि अकोले, संगमनेरचा मुलूख मागे टाकून प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. १९२६ साली पुरे झालेले हे धरण, त्याचे कालवे आणि त्यांवर पोसलेला ऊस यांविषयी आपणांस मी काही सांगावे असे नाही. मला बोलावयाचे आहे ते नदीकाठच्या पांढरीविषयी.

शेताची काळी आणि गावठाणाची पांढरी हा भेद आपल्या नित्य परिचयाचा आहे. पडक्या भिंती, चुलीची राख आणि शेणमाती यांचे थर साचून वस्तीची माती पांढुरकी होते. अशाच पांढरीत, संगमनेरजवळील जोर्वे येथे, १९५०-५१ साली उत्खनन झाले. तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी तेथे सापडली आणि एका संपूर्ण संस्कृतीस या लहानशा गावाचे नाव मिळाले. नेवासे म्हटले की ज्ञानेश्वरी आठवते, ते योग्यच आहे. परंतु त्या गावच्या टेकाडातही याच शेतकऱ्यांच्या खुणा आहेत. इ.स.पू. १४०० च्या सुमारास बहरलेल्या या वस्त्या इ.स.पू. १००० च्या आसपास ओस पडल्या. पाऊसमान घटले हे त्याचे कारण अनेक विद्वान देतात. नदी उशाशी असूनही गावे उठली, हे कालव्याखालच्या आपण मंडळींनी ध्यानात घ्यावे.

दायमाबादची हकिकत अधिक बोलकी आहे. १९७४ साली तेथे एका ग्रामस्थास खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ मिळाला. वजन साठ किलोहून अधिक! या वस्तू जतन झाल्या, हे भाग्यच. मात्र शास्त्रीय उत्खननातील थरातून त्या निघाल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. वस्तू हाती आली, साक्ष हरपली.

खत म्हणून पांढरी माती शेतात टाकण्याची चाल जुनी आहे. गाडीभर मातीने पीक थोडे वाढेलही. पण त्या गाडीबरोबर शेकडो वर्षांचे थर विस्कटतात, ते पुन्हा रचता येत नाहीत. म्हणून ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील अशी टेकाडे पाहून ठेवावीत आणि तेथील माती उचलू देऊ नये. शिक्षकांनी मुलांना खापरे ओळखावयास शिकवावे, वेचावयास नव्हे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कळविताना वस्तू नेमकी कोठे आणि किती खोल सापडली, तेही लिहावे.