एका रॉक-रसिकाची पाच गाणी

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण बहुधा वाद मिटविण्याकरिता योजतो. एखाद्याची आवड पटली नाही, की ही म्हण उच्चारावी आणि आपल्या कामास लागावे, असा आपला परिपाठ आहे. त्या आवडीस काही कारण आहे काय, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. सुशिक्षित घरांतून हा प्रश्न अनेकदा उपस्थित होतो तो रॉक संगीतावरून. मुलाच्या खोलीतून गिटार वाजू लागली, की वडील दार लावून घेण्यास सांगतात. दार लागते आणि त्याबरोबर संभाषणही थांबते. अशाच एका दाराआडच्या रसिकाची आवडनिवड आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

हा रसिक राहणारा कर्जतचा. नोकरीस खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या एका कारखान्यात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानके घेत जाणाऱ्या लहानशा फाट्यावरून त्याचे रोजचे जाणे-येणे. हा फाटा १८५६ सालचा आहे. भोर घाटातून आगगाडी १८६३ साली वर चढू लागली. तोपर्यंत पुण्याचा उतारू खोपोलीस उतरून घाट अन्य साधनांनी चढत असे. आज ह्या प्रवासात पाच-सहा गाणी ऐकून होतात, एवढाच त्याचा अवधी.

त्याचे वडील नाट्यसंगीताचे जुने भोक्ते. एके दिवशी त्यांनी मुलास विचारले, “अरे, ह्यात गाणे कोणते आणि गोंगाट कोणता, ते तरी सांगशील?” प्रश्न खोचक होता, पण मुलाने तो सरळ अर्थाने घेतला. आठ दिवसांनी त्याने वडिलांच्या हाती एक कागद ठेवला. त्यावर पाच गायक, प्रत्येकाचे एकेक गाणे आणि आवडण्याचे कारण लिहिलेले होते. ही गाणी जगात श्रेष्ठ आहेत असा त्याचा दावा नव्हता. ती आपली का झाली, एवढेच त्याने सांगितले होते.

त्या कागदाकडे वळण्यापूर्वी विजेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण रॉक हे विजेवर वाढलेले संगीत होय. साध्या गिटारचा आवाज ड्रम आणि पितळी वाद्यांपुढे बुडून जाई. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक असून त्यांभोवती बारीक तारेची वेटोळी असतात. वरची तार छेडली म्हणजे चुंबकीय क्षेत्र हालते आणि वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तो वाढवून कर्ण्याकडे धाडतो. वर्धकावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला, की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मुळात नसलेले नवे उपस्वर त्यात मिसळतात. वडीलधाऱ्यांस जो कर्कशपणा वाटतो, तो पुष्कळदा असा हेतुपुरस्सर घडविलेला असतो.

फॅरेडेने १८३१ साली शोधलेला हाच नियम खोपोलीस मोठ्या प्रमाणावर काम करीत आला आहे. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी नळांतून ५०० मीटरांहून अधिक खाली उतरवून टाटांच्या जलविद्युत् केंद्राने १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यास आरंभ केला. तेव्हा ज्या गावी हा तरुण पोटासाठी जातो, त्या गावास ह्या संगीताचे मूळ परके नाही, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

कागदावरील पहिले नाव सिस्टर रोझेटा थार्प ह्यांचे. योगायोग असा, की त्यांचा जन्मही १९१५ सालचाच. गाव अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात. आई धर्मोपदेशिका, त्यामुळे गाणे देवघरातच सुरू झाले. भक्तिगीत आणि विजेची गिटार ह्यांची सांगड ज्यांनी आरंभी घातली, त्यांत ह्या बाईंचे स्थान अग्रभागी आहे. रॉक संगीताच्या अमेरिकेतील कीर्तिमंदिरात त्यांना स्थान मिळाले ते मात्र २०१८ साली, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. १९६४ च्या मे महिन्यात इंग्लंडातील मँचेस्टर येथे एका बंद पडलेल्या रेल्वेस्थानकावर दूरचित्रवाणीसाठी त्यांचे गायन झाले. श्रोते एका फलाटावर, गायिका समोरच्या फलाटावर, मध्ये रूळ. पाऊस आला, आणि बाईंनी पावसाचेच भक्तिगीत आळविले. रसिकाने कारण लिहिले होते ते एवढेच: ‘आषाढात कर्जतच्या फलाटावर उभे राहून हे ऐकावे.’

दुसरे नाव चक बेरी ह्यांचे आणि गाणे ‘जॉनी बी. गूड’, १९५८ सालचे. लिहिण्यावाचण्यात बेताचाच, पण गिटारीवर हात बसलेला असा एक खेड्यातील मुलगा रुळांच्या कडेस झाडाखाली बसून आगगाडीच्या ठेक्यावर वाजवितो, अशी त्याची कथा. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीस जादा इंजिने जोडतात, त्यांचा ठेका ज्याच्या कानांत लहानपणापासून भरला आहे, त्यास हे गाणे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पण वडिलांस थबकविले ते पुढच्या ओळीने. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात दोन व्हॉयेजर याने सोडली आणि पृथ्वीवरील निवडक ध्वनी व संगीत मुद्रित केलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या त्यांवर बसविल्या. त्यांवर बेरींचे हे गाणे आहे, आणि गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवीही आहे. ज्या केसरबाईंचे नाव घेताना वडील कानास हात लावीत, त्यांच्या शेजारीच हा ‘गोंगाट’ तारामंडळाच्या प्रवासास निघालेला आहे!

तिसरे गाणे जॉर्ज हॅरिसन ह्यांचे, ‘द इनर लाइट’. बीटल्स ह्या प्रख्यात मंडळीतील हे गायक-वादक. ह्या गाण्याचे वाद्यसंगीत १९६८ च्या जानेवारीत मुंबईस, एच. एम. व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांनी वाजविले. शब्द लंडनमध्ये गायिले गेले. गिटार त्यात नाहीच. आशय ‘ताओ ते चिंग’ ह्या प्राचीन चिनी ग्रंथावरून घेतलेला: घराबाहेर न पडताही माणसास जग जाणता येते. रोज तोच लहानसा प्रवास करणाऱ्या नोकरदारास ह्याहून मोठा दिलासा कोणता?

चौथे नाव फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारूख बलसारा, पारशी कुटुंबातील. जन्म १९४६ साली झांझिबारला. पण शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. वसतिगृहात राहून हा मुलगा पियानो शिकला आणि सोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद त्याने उभा केला. त्याचे १९७५ चे ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे आहे. त्यास ध्रुपद नाही. आरंभी समूहस्वर, मग संथ पियानो, पुढे ऑपेराच्या थाटाचा कल्लोळ, नंतर गिटारीचा भडिमार, आणि शेवटी पुन्हा शांतता. येथे मात्र वडिलांनी असहमती दर्शविली. एका गाण्यात चार गाणी कोंबली आहेत, असा त्यांचा आक्षेप. मुलाचे म्हणणे असे, की चारही गाणी एकाच माणसाच्या मनातील आहेत, म्हणून ती एकत्र राहू शकतात. ह्या मुद्द्यावर दोघांचे आजही जमलेले नाही, आणि जमलेच पाहिजे असेही नाही.

पाचवे आणि अखेरचे नाव जॅनिस जॉप्लिन ह्यांचे. १ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांनी ‘मर्सिडीज बेंझ’ हे छोटेसे गाणे मुद्रित केले. वाद्य एकही नाही; नुसता कंठ आणि ताल. देवाकडे मोटार, रंगीत दूरचित्रवाणी असे काहीबाही मागणाऱ्या भाविकाचे हे विडंबन आहे. तीन दिवसांनी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, मादक द्रव्यांच्या व्यसनापायी ह्या गायिकेचा अंत झाला. रसिकाने येथे दोन गोष्टी नोंदविल्या होत्या. पहिली ही, की ह्या गायकांचे सारेच अनुकरणीय नसते आणि ते झाकूनही ठेवू नये. दुसरी ही, की वीज काढून घेतली तरी जे उरते, ते गाणे. नवसासायासांच्या भक्तीची थट्टा आपल्या संतांनीही केलेली आहे. त्यामुळे वडिलांस ह्या गाण्याचा रोख चटकन उमगला आणि ते मनापासून हसले.

श्रोतेहो, वडील रॉकचे भक्त झाले, असा शेवट ह्या हकिकतीस नाही. पाचांपैकी दोन गाणी त्यांनी पुन्हा ऐकली, एक नापसंत केले, उरलेल्या दोहोंविषयी ते बोललेच नाहीत. पण त्या रात्री मुलाने त्यांच्याकडे त्यांची पाच पदे मागितली, आणि तीही कारणांसह. हे काम त्यांस वाटले तितके सोपे गेले नाही. जन्मभर ज्यास आपण उत्तम म्हणत आलो, ते आपणांस का आवडते हे लिहू लागताच लेखणी अडते, असा त्यांस अनुभव आला.

ह्यावरून एवढे ध्यानात घ्यावे, की कारण सांगता येणारी आवड हा हट्ट नव्हे. तीत माणसाचे गाव, त्याचा रोजचा रस्ता, त्याचा पाऊस ही सारी मिसळलेली असतात, मग गाणे सातासमुद्रांपलीकडचे का असेना. आपल्या घरातील तरुणाकडून अशी यादी एकदा अवश्य मागून घ्यावी. मात्र मागण्यापूर्वी आपली स्वतःची तयार ठेवावी.