तरवडीचा 'दीनमित्र'

वृत्तपत्र चालवायचं तर शहरच हवं, हा समज नेवासे तालुक्यातल्या तरवडीच्या 'दीनमित्र' साप्ताहिकाने खोटा ठरवला. मुकुंदराव पाटील यांनी ते १९१० साली सुरू केलं. वारसा घरचाच होता: त्यांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' काढला होता. खेड्यात एकेक खिळा हाताने जुळवून अंक छापायचा, कागद बाहेरून आणायचा आणि वर्गणीसाठी पीक हाती येण्याची वाट पाहायची, हे सोपं नव्हतं. कुणी म्हणेल, हे तर सत्यशोधक विचारांचं पत्र, त्यात गावाच्या बातम्या कुठल्या? पण सावकाराचं व्याज, कुळकर्ण्याचं दप्तर आणि भटभिक्षुकीचा खर्च याहून शेतकऱ्याच्या दारातली बातमी ती कोणती? पक्ष घेतल्यामुळेच त्याला स्वतःचा वाचक मिळाला, असं माझं मत आहे.

एका माणसावर उभं असलेलं पत्र त्याच्याबरोबरच संपतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. १९६७ मध्ये मुकुंदराव गेले आणि अंक थांबला. तोवर सत्तावन्न वर्षं झाली होती. तुमच्या गावच्या जुन्या साप्ताहिकाचे अंक माळ्यावर असतील, तर रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.