मीनाने कोंबड्या मोजल्या नसत्या तर?

(ब्रह्मपुरी येथे शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि वसतिगृह अधीक्षिका यांच्या शिबिरात केलेले भाषण.)



'कार्टून, मालिका, गोष्टींची पुस्तकं आणि आपल्या मुली' या विषयावर मी बोलावं असं संयोजकांनी सुचवलं. मी माध्यमांची अभ्यासक नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांमध्ये किशोरवयीन मुलींबरोबर काम करते. तेव्हा सुरुवात एका मुलीच्या प्रश्नानेच करते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात आम्ही 'मीना'ची फिल्म दाखवली. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या शाळेत मीना-राजू मंच आहे, म्हणजे मीना तुम्हाला माहीतच आहे. गोष्ट अशी : मीनाला शाळेत जायचं असतं, पण घरचे धाडत नाहीत. ती मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. एक दिवस ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर पकडला जातो. वडील खूष होतात आणि मीना शाळेत जाते. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतून एक सातवीतली मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, कोंबडी चोरीलाच गेली नसती, त मीनाला शाळेत धाडलं असतं का जी?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही मी त्या प्रश्नाशीच अडून आहे.

मीनाचं मोल मी कमी लेखत नाही. १९९१ ते २००० हे सार्क देशांनी बालिका दशक म्हणून पाळलं. त्या काळात युनिसेफने मीना घडवली. तिचं रूप रेखाटणारे राममोहन हे आपल्याकडचे मोठे ॲनिमेटर. दक्षिण आशियातल्या मुलांना आणि पालकांना चित्रं दाखवून, त्यांचं म्हणणं ऐकून तिचा वेश आणि चेहरा ठरवला गेला. आंब्याच्या वाटणीची तिची दुसरी गोष्ट आठवा. राजूला मोठा वाटा का, असं मीना विचारते, आणि मग दोघं एक दिवस कामं आणि ताटं बदलून बघतात. ज्या घरात आई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिथे हा प्रश्न साधा नाही. तो एका कार्टूनने लाखो घरांत नेला.

पण त्या सातवीतल्या मुलीचं म्हणणंही खरं आहे. राजू शाळेत जातो, तो काही मोजून दाखवल्यामुळे नाही. तो मुलगा आहे एवढं पुरतं. मीनाला मात्र आधी आपला उपयोग सिद्ध करावा लागतो.

हाच धागा धरून बाकीच्या गोष्टी पाहा. २००८ पासून घरोघर पोचलेला 'छोटा भीम' घ्या. लाडू खाल्ला की भीमाला बळ येतं. तो लाडू येतो टुनटुन मौसीच्या दुकानातून, आणि बहुतेक वेळा चुटकीच्या हातून. चुटकी हुशार आहे, धीट आहे. पण लढाई भीमाची आणि लाडू चुटकीचे, ही श्रमविभागणी ठरलेली. आपल्या अंगणवाडीतली पोरं हाच खेळ खेळतात, आणि चुटकी कुणी व्हायचं हे सांगावं लागत नाही.

पुस्तकांचंही तेच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या पिढीचाही लाडका. सायकल काढायची आणि सुटायचं! वाचताना मी फेणेच व्हायचे, कारण तसं सुटता येईल अशी मुलगी मला पुस्तकात सापडत नव्हती. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) मुलं आवडीने वाचतात. नववीच्या वयाचं इतकं खरं चित्र मराठीत कमी आहे. पण शिरोडकर आपल्याला मुकुंदच्याच नजरेने दिसते. तिच्या मनात काय होतं, तिच्या घरात काय झालं, हे तिच्या तोंडून ऐकायचं राहूनच जातं. लेखकाने मुकुंदची गोष्ट लिहिली, तो त्याचा अधिकार. प्रश्न असा की शिरोडकरची गोष्ट लिहिणारी कुठे आहे?

आता माझी चूक सांगते. एक मुलगी आठवीत शाळा सोडणार होती. मी तिच्या घरी गेले. आईबाप म्हणाले, "शिकून का उपयोग?" मी घाईने उपयोग मोजायला लागले. ती बँकेची स्लिप भरेल, तेंदूच्या पानांचे पुडे मोजेल, संकलन केंद्रावरचा मुनशी फसवू शकणार नाही. त्यांना पटलं. मुलगी परत आली आणि मी माझ्या अहवालात ते यश म्हणून लिहिलं. पुढच्या वर्षी घरात लहान भाऊ जन्मला. आई रोवण्याला जाणार, मग बाळ कोण धरणार? मुलीचा उपयोग आता शाळेपेक्षा घरी जास्त होता. ती गेली ती परत आली नाही. हिशेब मीच शिकवला होता, तो माझ्यावरच उलटला.

म्हणून म्हणते, मुलीचं शिक्षण हे बक्षीस नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा तो हक्क आहे. कोंबडी चोरीला जावो न जावो. आपल्या गोष्टींमध्ये, फिल्मांमध्ये आणि आपल्या बोलण्यातही हे यायला हवं.

दुसरं असं की पडद्यावर आपल्या मुली जवळजवळ नसतातच. पहाटे मोह वेचायला जाणारी, वाघाच्या भीतीने घोळक्याने चालणारी, घरी माडिया, शाळेत मराठी आणि टीव्हीवर हिंदी ऐकणारी मुलगी कोणत्या मालिकेत आहे? आदिवासी मुलगी दिसलीच तर नाचताना दिसते, नाहीतर बिचारी म्हणून. पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्माघरात राहणाऱ्या मुलीवर बाहेरचे लोक बातमी करतात. तिथली रात्र तिला कशी वाटते, तिथे काय गप्पा होतात, काय नकोसं होतं, हे तिला कुणी विचारत नाही.

याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचं दुःख तिने लिहिलं. ती तेव्हा मुलगीच होती. तिची गोष्ट दुसऱ्या कुणी सांगावी म्हणून ती थांबली नाही.

त्या रात्री वसतिगृहात आम्ही मुलींना म्हटलं, मीनाचा शेवट तुम्ही करा. एका गटाने चित्रं काढली. त्यांच्या गोष्टीत एकही कोंबडी हरवली नाही. मीना सकाळी उठते, दप्तर घेते आणि निघते. बाप विचारतो, "कुठं चालली?" ती म्हणते, "राजू जाते तिथंच." बस्स, गोष्ट संपली. मला ती मूळ गोष्टीपेक्षा सरस वाटली.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. फिल्म जरूर दाखवा, पण दाखवून दिवे लावू नका, मुलींना बोलू द्या. गोष्टीत काम कोण करतं, खातं कोण आणि ठरवतं कोण, हे तीन प्रश्न विचारा. मुलग्यांनाही विचारा. लाडू वळायची पाळी त्यांच्यावरही येऊ द्या. मुलींना त्यांच्या बोलीत लिहू द्या, शुद्धलेखन नंतर पाहू. आणि घरभेटीला गेलात आणि कुणी "शिकून का उपयोग?" असं विचारलं, तर माझ्यासारखी घाई करू नका. आधी शांतपणे विचारा, "पोराबद्दल हे विचारलं होतं का?"