पक्षाघात : पहिले साडेचार तास आणि पुढचे महिने



‘अंगावरून वारे गेले’, ‘लकवा मारला’ असे घरोघरी म्हटले जाते. शब्द कोणताही असो, दुखणे हातापायांचे नसून मेंदूचे असते. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि त्या भागातील पेशी मिनिटामिनिटाला मरू लागतात. हृदयविकारासारखी छातीत कळ येत नाही; बहुधा वेदनाच होत नाही. म्हणूनच घरची माणसे ‘थोडा वेळ पडू द्या, बरे वाटेल’ म्हणून थांबतात. जेथे घाई हवी तेथे धीर धरला जातो आणि पुढे जेथे धीर हवा तेथे घाई केली जाते, हे या आजाराचे खरे दुर्दैव होय.

ओळखण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाही. रुग्णास हसायला सांगावे. ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो का पाहावे. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावे. एक खाली येतो का पाहावे. एखादे साधे वाक्य बोलायला लावावे. जीभ अडखळते का, शब्द भलतेच येतात का, हे ऐकावे. एकाएकी तोल जाणे, दिसेनासे होणे किंवा पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी होणे, हीही लक्षणेच. यांपैकी एक पुरे. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले तरी रुग्णालय टाळू नये. पुढच्या एक-दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका तेव्हाच अधिक असतो.

सोलापूरच्या मे महिन्यात ‘ऊन लागले’ आणि दशलक्षण पर्वात ‘उपवासाने अशक्तपणा आला’ ही दोन कारणे हमखास पुढे येतात. परंतु उन्हाने वा उपवासाने सारे शरीर गळते. अर्धाच चेहरा वाकडा होत नाही. मधुमेही उपवासकर्त्याची साखर उतरल्यास मात्र पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात. तो निवाडाही डॉक्टरांनीच करावयाचा आहे.

गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनाचा उपयोग तीन तासांच्या आत होतो, हे १९९५ साली सिद्ध झाले. २००८ साली ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. काही निवडक रुग्णांत मोठी गुठळी नळीद्वारे २४ तासांपर्यंतही काढता येते. पण आधी सीटी स्कॅन हवाच, कारण गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात. रक्तस्रावात तेच इंजेक्शन घातक ठरते. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तदाबाची जादा गोळी देऊ नये, पाण्याचा घोटही पाजू नये.

जुळे सोलापुरातून निघून आसरा चौकातील गर्दी ओलांडण्यातच किती वेळ जातो, हे येथील रहिवाशांना सांगावयास नको. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन रात्री-अपरात्री कोठे मिळते, याची चौकशी घरात सर्व ठणठणीत असतानाच करून क्रमांक लिहून ठेवावा. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळही डॉक्टरांना नेमकी सांगावी. सकाळी उठताच लक्षणे दिसली, तर वेळ आदल्या रात्रीपासून मोजली जाते.

रुग्ण घरी आला की मात्र घड्याळ बाजूला ठेवावे. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, पुढेही हळूहळू चालू राहते. लुळा हात धरून रुग्णास ओढून उठवू नये, खांदा निखळतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. जेवताना ताठ बसवावे. पाण्याने ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत पातळ पदार्थ देऊ नयेत. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने मुगाचे दाट वरण, मऊ भात, शिजवून घोटलेला दुधी देता येतो. चौविहार पाळणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवून घ्याव्यात. बहुतेक औषधांबाबत डॉक्टरांना ते शक्य होते. उपवासाच्या दिवशी गोळी परस्पर सोडणे मात्र घातक आहे.

वाचा गेलेल्या रुग्णाबाबत घरात मोठा गैरसमज होतो. ज्याला ‘पाणी’ हा शब्द उच्चारता येत नाही, तोच कधी कधी संपूर्ण णमोकार मंत्र स्पष्ट म्हणतो. मग ‘मंत्र येतो आणि बोलता येत नाही? हट्ट आहे!’ असा शेरा ऐकू येतो. तो हट्ट नव्हे. वर्षानुवर्षे मुखोद्गत असलेले शब्द मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो; विचार करून शब्द शोधण्याची वाट तेवढी तुटलेली असते. अशा रुग्णाला बहुधा बरेच समजते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी परक्यासारखे बोलू नये, वाक्य त्याच्याऐवजी पुरे करू नये. रोज मंत्र त्याच्याबरोबर म्हणावा, बोटे मोजावीत, वाचा-उपचारतज्ज्ञाने सांगितलेला अभ्यास करून घ्यावा. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. त्यावरही उपचार आहेत.

समाजातील अनेक कुटुंबे राजस्थानातील बुटाटीला जातात. श्रद्धेला कोणाची हरकत नाही. प्रवास डॉक्टरांच्या संमतीने व्हावा आणि गोळ्यांचा डबा पिशवीत असावा, एवढेच.

तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना सहा अंतरंग तपांत केली आहे. प्रत्यक्षात हे तप बहुतेक घरांत एकट्या सुनेच्या किंवा पत्नीच्या वाट्याला येते. सहा महिन्यांत तिचीच पाठ आणि झोप जाते. प्रवचनाला नियमाने येणाऱ्या मुलांनी, जावयांनी, शेजाऱ्यांनी आठवड्यातील एकेक रात्र वाटून घ्यावी. कूस बदलणे, बेडपॅन देणे, व्यायाम करून घेणे ही कामे फिजिओथेरपिस्ट दोन बैठकांत पुरुषांनाही शिकवतात.